नॅनोतारेतील स्पिन आणि क्षेत्राची दिशा : माझा अनुभव

एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी मी इंडियम अँटिमोनाइड या अर्धवाहकाच्या नॅनोतारेतील (नॅनोमीटरमध्ये मोजण्याइतक्या बारीक तारेतील) स्पिन-ऑर्बिट कपलिंग, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या गतीचा त्याच्या स्पिनशी (त्याच्या अंगभूत चुंबकीय गुणधर्माशी) असलेला संबंध, हा विषय निवडला. ठाण्यात घरी बसून, केवळ लॅपटॉपच्या आधारे हे काम कितपत पुढे जाईल, अशी शंका काहींनी बोलून दाखवली होती. मला मात्र या विषयाची ओढ होती, कारण त्याचे मूळ समीकरण वहीच्या दोन ओळींत मावते आणि त्यातून प्रयोगात मोजता येईल अशी खूण शोधणे, हेच खरे काम उरते.

विद्युतक्षेत्रातून धावणाऱ्या इलेक्ट्रॉनला ते क्षेत्र काही अंशी चुंबकीय क्षेत्रासारखे जाणवते आणि त्याचे स्पिन त्या क्षेत्राभोवती फिरू लागते. हे आभासी क्षेत्र इलेक्ट्रॉनच्या गतीला आणि विद्युतक्षेत्राला, दोघांनाही लंब असते. गती उलटली की तेही उलटते. द्विमितीय थरासाठी याचे सुटसुटीत रूप बिचकोव्ह आणि राश्बा यांनी १९८४ साली मांडले. थरात मात्र इलेक्ट्रॉन प्रत्येक टकरीनंतर वेगळ्या दिशेला वळतो, त्यामुळे आभासी क्षेत्राचा अक्षही बदलत राहतो आणि स्पिनला आपली मूळ दिशा टिकवता येत नाही. तार पुरेशी बारीक असेल, तर पुढे किंवा मागे एवढ्याच दोन दिशा उरतात आणि अक्ष एकच राहतो. नॅनोतारेचे महत्त्व मला तिच्या लहान आकारापेक्षा या ठरलेल्या अक्षात अधिक वाटते.

इंडियम अँटिमोनाइड निवडण्याचे कारण सरळ होते. त्यातील इलेक्ट्रॉनचे प्रभावी वस्तुमान मुक्त इलेक्ट्रॉनच्या सुमारे ०.०१५ पट असते आणि जी-गुणक (चुंबकीय क्षेत्राला स्पिन किती प्रतिसाद देते, ते सांगणारा आकडा) ऋण असला तरी त्याचे मूल्य ५०च्या आसपास जाते. मुक्त इलेक्ट्रॉनसाठी ते जेमतेम २ आहे. शिवाय तार १११ या स्फटिकदिशेने वाढवली, तर ड्रेसेलहाउस यांनी १९५५ साली दाखवलेली, स्फटिकाच्या असममितीतून येणारी समीकरणातली संज्ञा त्या दिशेच्या संवेगासाठी शून्य होते. मग मुख्यतः वर सांगितलेल्या विद्युतक्षेत्राच्या, म्हणजे राश्बा संज्ञेचाच विचार करावा लागतो.

राश्बा गुणांक, म्हणजे या संज्ञेची तीव्रता, मी ०.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट-अँगस्ट्रॉम धरला. त्यावरून स्पिन-ऑर्बिट ऊर्जा सुमारे ०.२५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट आणि स्पिन-ऑर्बिट लांबी (स्पिन लक्षणीय फिरण्यास लागणारे अंतर) सुमारे १०० नॅनोमीटर येते. पायथॉनमधील क्वांट हे मुक्त सॉफ्टवेअर वापरून तारेचे १० नॅनोमीटर अंतरावरच्या बिंदूंत विभाजन केले. शेजारच्या बिंदूवर उडी मारण्याची ऊर्जा २५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या थोडी वर येते. तारेला लांबीच्या दिशेने ०.१ टेस्लाचे क्षेत्र लावल्यावर ऊर्जा-संवेग आलेखातील दोन स्पिनांच्या, एकमेकांपासून सरकलेल्या परवलयांच्या छेदबिंदूपाशी सुमारे ०.२९ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टची फट उघडली. ऊर्जा वाढवत नेली, तेव्हा संवाहकता (तार वीज किती सहज वाहू देते, त्याचे माप) प्लांकच्या स्थिरांकाने भागलेल्या इलेक्ट्रॉनच्या प्रभाराच्या वर्गाच्या एककात आधी २, मग फटीत १ आणि पुन्हा २ झाली. त्या फटीत उजवीकडे जाणाऱ्या आणि डावीकडे जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांची स्पिने बहुतांशी परस्परविरुद्ध असतात.

माझ्या मार्गदर्शक मॅडम वाशीला राहतात. शनिवारी मी ट्रान्स-हार्बरच्या लोकलने त्यांच्याकडे जात असे. संवाहकतेतला तो खड्डा त्यांनी बराच वेळ पाहिला आणि मग विचारले, "खड्डा तर तारेतल्या एखाद्या अशुद्धीमुळेही पडेल. क्षेत्र फिरवून बघितलंस का?" मी म्हणालो, "मॅडम, पुढच्या शनिवारी तेच घेऊन येतो."

त्या प्रश्नाने प्रकल्पाला दिशा मिळाली. बाह्य क्षेत्र आभासी क्षेत्राच्या अक्षाला समांतर, म्हणजे तारेला आडवे आणि गेटच्या (तारेजवळच्या नियंत्रक विद्युताग्राच्या) विद्युतक्षेत्रालाही लंब ठेवले, तेव्हा परवलये वरखाली सरकली, पण एकमेकांत मिसळली नाहीत. संवाहकता १ वरून २ वर गेली आणि मध्ये कुठेही खाली आली नाही. अशुद्धीमुळे पडलेल्या खड्ड्याला क्षेत्राची अशी विशिष्ट दिशा पाळण्याचे काही कारण नसते. म्हणून माझ्या मते, या विषयावरचा कोणताही आलेख पाहताना खड्ड्याच्या खोलीआधी त्याचे कोनावरचे अवलंबन तपासले पाहिजे.

क्षेत्र वाढवत नेल्यानेही खूण ठळक होत नाही. झीमन ऊर्जा, म्हणजे बाह्य क्षेत्रामुळे दोन स्पिनांच्या ऊर्जेत पडणारा फरक, स्पिन-ऑर्बिट ऊर्जेच्या चौपटीपुढे गेली की खालच्या पट्ट्यातील दोन दऱ्यांची एकच दरी होते आणि २-१-२ हा क्रम मोडतो. माझ्या आकड्यांत ही मर्यादा सुमारे ०.३४ टेस्लाला आली. तापमानाचे बंधनही असेच कडक आहे. द्रव हेलियमच्या ४.२ केल्विनला औष्णिक ऊर्जा ०.३६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे फटीपेक्षा जास्त असते, त्यामुळे खड्डा पुसला जातो; १०० मिलिकेल्विनला तो स्पष्ट राहतो. तारेची लांबी स्पिन-ऑर्बिट लांबीच्या तुलनेत अपुरी असेल, तर इलेक्ट्रॉन फटीतूनही सुरंगनाने (ऊर्जा अपुरी असूनही अडथळा पार करून) पलीकडे जातात, आणि टोकांशी विभव अचानक बदलत असेल, तर परावर्तनातून उठणाऱ्या चढउतारांत खरा खड्डा ओळखणे अवघड होते.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तारेच्या जाडीविषयी विचारले. १०० नॅनोमीटर व्यासाच्या तारेतून, लांबीच्या दिशेने लावलेल्या ०.१ टेस्ला क्षेत्राचा जाणारा फ्लक्स हा एका इलेक्ट्रॉनच्या फ्लक्स क्वांटमच्या (प्लांकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनचा प्रभार) सुमारे एक-पंचमांश भरतो, हे मी त्यांना फळ्यावर करून दाखवले. एकमितीय प्रतिकृतीत हा कक्षीय परिणाम, म्हणजे क्षेत्राचा इलेक्ट्रॉनच्या मार्गावर होणारा परिणाम, येत नाही; तो धरायचा, तर तारेचा पूर्ण छेद गणितात घ्यावा लागतो, आणि सध्या मी तेच गणित करत आहे.