विसावा कामगार आणि भविष्य निर्वाह निधीची नोंदणी

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनवणारे आमचे छोटे वर्कशॉप आहे. दहा माणसे झाल्यापासून कर्मचारी राज्य विमा योजनेची वर्गणी आम्ही भरत होतोच. २०२२ मध्ये कंत्राटदारामार्फत येणारे मदतनीस धरून हजेरीपत्रकावर वीस नावे झाली आणि १९५२ चा भविष्य निर्वाह निधी कायदाही लागू झाला. श्रम सुविधा पोर्टलवरची नोंदणी फारशी अडली नाही.

वेळ गेला तो कामगारांशी बोलण्यात. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये घेणाऱ्याचे १२ टक्क्यांनी दरमहा १,६८० रुपये कापले जाणार, हे कळताच बहुतेकांनी ‘पी.एफ. नको, रोख द्या’ असे सांगितले, आणि ज्याची महिनाअखेर उसनवारीवर निघते त्याने तसे म्हणणे मला गैर वाटले नाही. परंतु १५,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्याला सभासदत्व सक्तीचे असते. ओळखीच्या एका कारखानदाराने मालकाचा हिस्साही कामगाराच्या पगारातूनच वळता करण्याचा सल्ला दिला; कायद्याने त्याला स्पष्ट मनाई असल्यामुळे मी तो मानला नाही, आणि मनाई नसती तरी तो मला पटला नसता.

मग फळ्यावर हिशेब मांडला. आमच्याकडूनही १,६८० रुपये भरले जातील, त्यांतले वेतनाच्या ८.३३ टक्के म्हणजे १,१६६ रुपये निवृत्तिवेतन योजनेत आणि उरलेले ५१४ कामगाराच्या खात्यात जमा होतील. शिवाय ठेवसंलग्न विम्याचे, म्हणजे कामगाराचा मृत्यू झाल्यास कुटुंबाला रक्कम देणाऱ्या विम्याचे, ७० रुपये आम्हीच वेगळे भरू. निवृत्तिवेतनाला किमान दहा वर्षांची सेवा लागते, हे ऐकून बावन्न वर्षांच्या फिटरने ‘अठ्ठावन्नाला माझी दहा वर्षे कुठून भरणार?’ असे विचारले. प्रश्न रास्त होता, कारण सेवा कमी पडल्यास पेन्शनऐवजी ठरलेल्या तक्त्याप्रमाणे एकरकमी रक्कम मिळते.

त्याचा आधार क्रमांक तपासताना मात्र आधीच्या नोकरीतला यू.ए.एन., म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पी.एफ.चा सभासद क्रमांक, निघाला. तिथली पेन्शनची रक्कम त्याने काढलेली नसल्याने जुनी सेवा जोडणे शक्य होते. फक्त जुन्या नोंदीतली जन्मतारीख आधारशी जुळत नव्हती. त्यासाठी त्याच्या आणि माझ्या सह्यांचे संयुक्त घोषणापत्र दिले, तारीख दुरुस्त झाल्यावर खाते वर्ग करण्याचा अर्ज केला आणि नवा क्रमांक न काढता त्याची वर्गणी त्याच यू.ए.एन.वर भरू लागलो.