पावसाची सुट्टी आणि घरातली फुगडी

आज पण पाऊस थांबायचं नाव नाही. तिकडं घाटाकडं जांबोटी-कणकुंबीला तर कोसळायलाच लागलाय म्हणे, पण आमच्या बेळगावच्या वडगावातही सकाळपासून नुसती झड, शाळेला सुट्टी, घरभर दोऱ्या बांधून ओले कपडे, आणि त्या कपड्यांखालून पळणारी दोन पोरं. थोरली सातची, धाकटा चारचा.

सगळे सांगतात, टीव्ही लावून दे, गप बसतात. मला ते पटतच नाही. चार वर्षांचं पोर गप बसायला लागलं तर उलट काळजी वाटायला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटं हालचाल व्हावी, त्यातली ६० मिनिटं जरा दमवणारी, आणि स्क्रीन तासाभराच्या वर नको. आपल्याकडं पाऊस जून ते सप्टेंबर, मग वर्षातले चार महिने पोरांनी सोफ्यावर काढायचे का?

आज सासूबाईंनीच मनावर घेतलं. "बंद कर की तो टीव्ही, ये, मी फुगडी शिकवतो तुला," म्हणाल्या आणि पदर खोचला. हात कसे अडकवायचे, पायाचे चवडे जुळवून अंग मागं कसं टाकायचं, सगळं थोरलीला नीट दाखवलं. धाकट्याला गरगर फिरणं जमेना तर त्याच्यासाठी बसफुगडी, उकिडवं बसून एकेक पाय पुढं टाकत उड्या मारायच्या, दोन मिनिटांत कपाळावर घाम! आमच्या बायकांनी पंचमी-मंगळागौरीला हे सगळं भर पावसात घरातच खेळलंय की, मग पोरांना का नको. मोजे मात्र आधी काढायला लावले, दमट हवेत फरशी भयंकर निसरडी होते. मग चटया टाकून डोंगर-पाणी, नुसता दंगा.

दुपारी जोर ओसरला तसं रेनकोट घालून अंगणात सोडलं. शेजारच्या काकू म्हणाल्याच, सर्दी होईल की गं. पण सर्दी विषाणूनं होते, एकमेकांकडून लागते, दारं-खिडक्या लावून एका खोलीत बसलं तर जास्तच. आत आल्याआल्या डोकं पुसून कोरडे कपडे घातले की झालं. गटारीच्या, तुंबलेल्या पाण्यात मात्र अजिबात नाही, आणि आभाळ गडगडलं की लगेच घरात, ह्यात मी कुणाचंच ऐकत नाही.

पंचमीला अजून अवकाश आहे, पण झोका उद्याच बांधायचा असं सासूबाईंनी जाहीर केलंय. तुळई भक्कम आहे, दोर नवा आणायला पाहिजे, जुना कुजलाय. खाली गादी टाकायची, आधी मी बसून बघणार, मग धाकटा.