पाथरवटाचा मुलगा आणि एक नियम

जपानमधल्या फुकुओकात राहायला आल्यापासून हे अधूनमधून घडतं. मी भारतातली आहे म्हटलं की वयस्कर माणसं न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचं नाव काढतात आणि वाकून आभार मानतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यातल्या अकरा न्यायाधीशांपैकी सगळ्याच आरोपींना निर्दोष ठरवणारे ते एकटे. परवा भाषेच्या वर्गातल्या आजी म्हणाल्या, "तुमच्या पालसाहेबांचं ऐकलं असतं तर आमचे हिरोता वाचले असते." ऐकून छाती फुगली, खोटं कशाला बोलू. पण त्या रात्री हिरोतांबद्दल वाचायला बसले आणि झोप उडाली.

कोकी हिरोता, त्या खटल्यात फाशी झालेले जपानचे माजी पंतप्रधान, इथलेच, जन्म 1878 चा, वडील पाथरवट. फुकुओकातल्या तेन्जिन भागाच्या गजबजाटात सुइक्यो तेन्मान्गू नावाचं छोटं देऊळ आहे. त्याच्या दगडी तोरीवर, म्हणजे प्रवेशकमानीवर, कोरलेली अक्षरं लहानग्या हिरोतांच्या हातची, असं इथले लोक सांगतात. मी मान वर करून बराच वेळ पाहत होते. ठसठशीत, ठाम अक्षर. छिन्नीच्या घरातून हा मुलगा टोकियो विद्यापीठात गेला आणि 1906 मध्ये परराष्ट्र खात्यात लागला. पुढे नेदरलँड्समध्ये प्रतिनिधी, मॉस्कोत राजदूत, 1933 मध्ये परराष्ट्रमंत्री. आपल्याकडे गावचा पोरगा आयएफएस झाला तर वेशीवर ढोलताशे वाजतात, तोच अभिमान मला आजींच्या डोळ्यांत दिसला. आणि तो रास्त आहे. मी मंत्री असेपर्यंत युद्ध होणार नाही, असं संसदेत सांगणारा हा माणूस होता.

मग आला तो नियम. फेब्रुवारी 1936 मध्ये तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी टोकियोत बंड केलं, मंत्र्यांचे खून पाडले. ते मोडल्यावर मार्चमध्ये हिरोता पंतप्रधान झाले. दोनच महिन्यांत त्यांच्या सरकारने जुना नियम परत आणला: लष्करमंत्री आणि नौदलमंत्री सेवेत असलेलाच सेनापती हवा, निवृत्त चालणार नाही. बंडखोरांचे पाठीराखे निवृत्त सेनापती मंत्रिमंडळात शिरू नयेत, हे दिलेलं कारण. वाचताना पटतंसुद्धा. पण परिणाम बघा. सेवेतला माणूस द्यायचा की नाही हे लष्कर ठरवणार, आणि लष्करमंत्र्याशिवाय मंत्रिमंडळच होत नाही. म्हणजे सरकारची नाडी लष्कराच्या मुठीत. जानेवारी 1937 मध्ये उगाकींना मंत्रिमंडळ बनवायला सांगितलं. ते स्वतः माजी सेनापती, तरी लष्कराला नको होते. लष्कराने मंत्री दिला नाही, विषय संपला. 1940 मध्ये पंतप्रधान योनाई यांचं सरकार असंच पाडलं: लष्करमंत्र्याने राजीनामा दिला आणि दुसरा माणूस मिळेना.

इथे मला आपल्या घटनाकारांबद्दल भरून आलं. आपल्याकडे संरक्षणमंत्री संसदेला उत्तर देणारा मुलकी माणूस. 1962 मध्ये चीनकडून मार खाल्ल्यावर सुद्धा दिल्लीने यशवंतरावांना बोलावलं, देवराष्ट्र्याच्या शेतकऱ्याच्या मुलाला. इतक्या नामुष्कीनंतरही ते खातं कुणी सेनापतीच्या हाती दिलं नाही. आपल्या संसदेतल्या गोंधळावर इथे कुणी बोललं की मला वाईट वाटायचं. आता मी हे सांगते, आणि जरा जोरातच सांगते. आपल्यावर तेव्हा तसं बंड ओढवलं नव्हतं, हेही खरं. बंदुकीच्या धाकात नियम लिहिणाऱ्याला घरात बसून बोल लावणं सोपं आहे. तरीही लावते.

कारण पुढे 1937 मध्ये हिरोता पुन्हा परराष्ट्रमंत्री होते. चीनमधल्या नानजिंगमध्ये जपानी सैन्याने केलेल्या कत्तलीच्या बातम्या दूतावासाकडून त्यांच्या खात्यात येत होत्या. त्यांनी लष्करमंत्र्यांना सांगितलं, आश्वासन मिळालं, त्यावर ते थांबले. अत्याचार चालूच राहिले आणि मंत्रिमंडळात त्यांनी विषय लावून धरला नाही. न्यायालयाने याला गुन्हेगारी निष्काळजीपणा म्हटलं. आणि आजींना हे सांगायचं राहून गेलं की पाल यांनीही सैन्याने केलेले अत्याचार नाकारले नव्हते. वरच्या मंत्र्यांना त्यासाठी दोषी धरता येईल का, यावर त्यांचा आक्षेप होता.

हिरोता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभेच राहिले नाहीत. स्वतःच्या बचावासाठी एक शब्द नाही. खटला सुरू होत असतानाच पत्नीने आयुष्य संपवलं होतं. 23 डिसेंबर 1948 ला सुगामो तुरुंगात सात जणांना फाशी झाली. त्यांपैकी सहा सेनापती, मुलकी माणूस हा एकच. ज्या लष्करापुढे ते आयुष्यभर नमते झाले, त्याच्याच रांगेत.

फाशी मला पटत नाही. डच न्यायाधीश र्‍योलिंग यांनाही हिरोतांना निर्दोष सोडावंसं वाटलं होतं. पण त्यांना निव्वळ बळी म्हणायला मी तयार नाही, कारण दुसरा रस्ता होता. परराष्ट्र खात्यातल्या 1906 च्या त्याच तुकडीतले शिगेरू योशिदा. 1936 मध्ये हिरोतांनी त्यांना परराष्ट्रमंत्री करायचं ठरवलं, लष्कराने नको म्हटलं, हिरोतांनी नाव मागे घेतलं. पुढे युद्ध थांबवण्याच्या खटपटीत योशिदांना 1945 मध्ये लष्करी पोलिसांनी अटकही केली. हिरोतांना फाशी झाली त्या दिवशी जपानचे पंतप्रधान योशिदा होते.