तुम्ही विचारलंत म्हणून: माळ्यावर जुनी कॉमिक्स सापडलीत, किती येतील?

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस माझा फोन थांबत नाही. मी काय फराळ विकत नाही, पण कोल्हापुरात घरोघरी माळे साफ व्हायला लागले की कुणाच्या तरी घरात ट्रंकेत, जुन्या गादीखाली, आजीच्या लग्नातल्या घंगाळात कॉमिक्सचा गठ्ठा सापडतो आणि कुणीतरी सांगतं की त्या अमक्याला विचार, त्याला त्यातलं कळतं. मग चटईवर पसरलेल्या गठ्ठ्याचा एक हललेला फोटो येतो आणि खाली ओळ असते, "दादा, किती येतील?" पाठोपाठ अमेरिकेतल्या बातमीची लिंक. दरवर्षी तेच. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो, पुढच्या वेळी हेच पाठवीन.

आधी ती बातमी. कॅलिफोर्नियात तीन भावांना आईच्या घरात, माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांच्या ढिगाखाली १९३९ चा सुपरमॅनचा पहिला अंक सापडला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो ९१ लाख २० हजार डॉलरला गेला, म्हणजे आपले ऐंशी कोटी वगैरे. खरी बातमी आहे. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०२४ मध्ये, सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा आला तो १९३८ चा ॲक्शन कॉमिक्सचा एक नंबर ६० लाख डॉलरला गेला होता, मूळ किंमत दहा सेंट. आता हे वाचून आपल्या माळ्याकडं बघितलं की कुणाच्याही पोटात गोळा येणारच, त्यात चूक काही नाही. पण तिथं काय झालं होतं बघा, दुसऱ्या महायुद्धात तिकडं कागद कमी पडला म्हणून पोरंसोरं घरोघर फिरून रद्दी गोळा करायची आणि त्यात ही कॉमिक्स ढिगानं गेली. उरली ती थोडी. त्यातही धड राहिली ती अगदीच थोडी. २००० सालापासून तिकडं सीजीसी नावाची कंपनी अंक तपासून त्याला दहापैकी मार्क देते आणि प्लास्टिकच्या कडक डबीत कायमचा बंद करते. त्या माळ्यावरच्या अंकाला ९ मिळाले, ६० लाखवाल्याला साडेआठ. मधली पानं कुणी दुरुस्त केली असतील, रंग भरला असेल तर लेबल जांभळं लागतं आणि भाव पडतो. (डबीत बंद केलेलं कॉमिक वाचता येत नाही. मला हे पेढ्यांचा बॉक्स सील करून शोकेसमध्ये ठेवल्यासारखं वाटतं, पण माझ्या वाटण्याला कोण विचारतो.)

आपल्याकडं महायुद्ध नव्हतं, भेळ होती, जुनी कॉमिक्स तिच्या पुड्यांना जायची. मी स्वतः खासबागेत भेळ खाल्ल्यावर पुडा उलगडून त्यावरचा वेताळ वाचलेला आहे, अर्धाच, कारण उरलेली गोष्ट बहुतेक शेजारच्या गिऱ्हाईकाच्या हातात होती.

वेताळ म्हणजे फॅन्टम. अमेरिकेतल्या ली फॉकनं १९३६ मध्ये काढलेला कॉमिक्सचा हिरो, आणि आपल्याकडं टाइम्सवाल्यांनी मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली तेव्हा पहिले ३२ अंक नुसते त्याचेच होते. किंमत ६० पैसे. त्याचा मूळ मुलूख बंगाला, पण वाचणाऱ्याला आपला बंगाल वाटेल म्हणून इंद्रजालनं त्याचं डेंकाली केलं. मी लहानपणी ह्या सगळ्याच्या पुढं गेलो होतो, आपल्या कोल्हापुरात वेताळमाळ तालीम आहे म्हणल्यावर हा गडी तिथलाच असणार, तिथंच जोर मारून एवढी छाती केली असणार अशी माझी तिसरीपर्यंत खात्री होती. पुढं मॅन्ड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, १९७६ ला आबिद सुरतींचा बहादूर आला, आणि १९९० ला दुकान बंद. इंग्रजीत एकूण ८०३ अंक निघाले. संपामुळं १२३ आणि १२४ हे दोन नंबर छापलेच गेले नाहीत, तेव्हा कुणी तुम्हाला "एकशे तेवीस आहे माझ्याकडं, दुर्मिळ आहे" म्हणाला तर चहा पाजा आणि निघा.

असंच अमर चित्र कथेचं. १९६७ ला सुरू झाली म्हणून लोक एक नंबर शोधत बसतात, पण पहिले दहा नंबर परदेशी परीकथांचे होते, अनंत पैंचा 'कृष्ण' अकरावा. आणि तो इतक्यांदा परत छापलाय की तुमच्याकडचा जुनाट दिसतो म्हणजे पहिलाच असं नाही, आधी कव्हरवरची किंमत बघा, ती खोटं बोलत नाही.

आता माळ्याचं बोलू. कॅलिफोर्नियातला माळा आणि आपला माळा ह्यात जुलै महिन्याचा फरक आहे. इथं पावसाळ्यात कपाटातल्या बेल्टला बुरशी येते, कॉमिक्स कुठली टिकायला. हा कागद वर्तमानपत्राचाच, लाकडाचा लगदा, त्यातलं लिग्निन उजेडाला आणि हवेला पिवळं पडत जातं आणि कागद कडेनं पापडासारखा मोडायला लागतो. पण सगळ्यात आधी जातात त्या पिना. दमट हवेत पिन गंजते, गंज कागदात उतरतो, पिनेभोवती तांबडा डाग पडतो आणि एक दिवस मधलं पान हातात येतं. मग कसर. मग वाळवी. मग घरातला कुणीतरी मायाळू माणूस, जो फाटलेल्या कव्हरला सेलोटेप लावतो. वाळवी परवडली. सेलोटेपचा डिंक दहा वर्षांत तपकिरी होऊन कागदाच्या पार मागच्या बाजूला निघतो आणि तो काढायला जावं तर चित्रच सोलून येतं.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात शाहूपुरी कुंभार गल्लीतनं एकाचा फोन आला होता, पाणी ओसरल्यावर. अडीचशे अंक भिजले होते आणि त्यानं ते गच्चीवर उन्हात टाकले होते. मी म्हणलं बाबा, ऊन नको, ओले असतानाच पिशवीत घालून फ्रीजरला टाक, निदान बुरशी थांबेल, मग चारचार काढून पंख्याखाली वाळवू. तो म्हणाला वीज कुठाय. बरोबर होतं त्याचं. आठवड्यानं गेलो तर गुळगुळीत कव्हरं एकमेकांना चिकटून विटा झाल्या होत्या. अक्षरशः विटा. त्यातली एक माझ्याकडं अजून आहे, बाजूनं बघितलं की चाळीस अंकांच्या पट्ट्या दिसतात, निळी, पिवळी, लाल, आणि एकही उघडत नाही.

तर म्हणाल, मग जे धड आहे त्याचे किती? इथं मला वडिलांची गोष्ट सांगावी लागते. वडील शाहू मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते, सुट्टीत मला सौद्याला घेऊन जायचे. गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, रांग, दलाल पुढं, व्यापारी मागं, एकजण रव्याचा टवका काढून जिभेवर ठेवतो, दुसरा नुसता रंग बघतो, आणि बोली चढत जाते. एका दिवशी एका शेतकऱ्याचा गूळ असा सोन्यासारखा होता, मलासुद्धा कळत होतं, आणि भाव बेताचाच निघाला. मी वडिलांना विचारलं असं का, तर म्हणाले, "घेणारा एकच होता आज. दुसरा आलाच न्हाई."

कॉमिक्सच्या लिलावात मी पंचवीस वर्षं आहे आणि ह्याच्यापेक्षा जास्त काही शिकलेलो नाही. दुर्मिळ म्हणजे महाग नव्हे हो. मराठी इंद्रजालचे काही अंक माझ्या बघण्यात इंग्रजीपेक्षा कितीतरी कमी येतात, पण ते हवेत असे लोकही कमी. एक अंक आणि दोन वेडे असले की भाव होतो. एक वेडा असला तर रद्दीपेक्षा जरा बरं एवढंच.

उदाहरण माझंच देतो, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको. आमचे लिलाव व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चालतात, फोटो टाकायचा, सुरुवातीची बोली लिहायची, रात्री नऊला बंद, शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली तर पाच मिनिटं वाढवायची. वेताळचा एक मराठी अंक आला, मला सोळा वर्षं हवा असलेला. दोनशेला सुरू. नाशिकचा एकजण आणि मी. नऊ वाजले, सव्वानऊ, साडेनऊ, बायको जेवायला हाका मारून मारून ताट झाकून झोपायला गेली, आणि पावणेदहाला मी तो सव्वीसशेला घेतला. छाती फुगलेली. पुढच्याच महिन्यात तोच अंक परत आला, दुसऱ्या कुणाच्या तरी घरातनं, आणि माझ्यापेक्षा चांगला, पिना चकचकीत. मी कशाला बोलू, माझ्याकडं होता. नाशिककरानं तो साडेतीनशेला उचलला आणि मला फोन करून म्हणाला, "थँक्यू बरं का." म्हणजे सव्वीसशे ही त्या अंकाची किंमत नव्हतीच, नाशिककराच्या हट्टाची होती, फक्त खिसा माझा.

तेव्हा "किती येतील" ह्याला माझ्याकडं आकडा नसतो. मी विचारतो ते एवढंच की कव्हर मूळचं आहे का, मधली पानं मोजलीत का, कुठं पेननं मिशा काढल्यात का. वेताळच्या डायना पामरला, म्हणजे त्याच्या प्रेयसीला, मिशा असलेले निदान तीस अंक मी बघितलेत. कव्हरचं तर भिंगानंच बघावं, जुन्या छपाईत रंगाचे ठिपके ठिपके दिसतात, एकमेकांवर जरा सरकलेले, आणि कलर झेरॉक्स असेल तर वर सगळीकडं सारखी झिलई. हे मला कळलं ते नऊशे रुपये घालवून. विकणाऱ्यानं फोटो पाठवला तो चांगलाच होता, झेरॉक्सचाही फोटो चांगलाच येतो.

आणि बाइंडिंग. हे सांगताना मला दरवेळी अवघड होतं, कारण लोकांना वाटतं बांधून ठेवलंय म्हणजे जपून ठेवलंय. गेल्या वर्षी राजारामपुरीतनं एक काकू आल्या, पिशवीत दोन जाडजूड बाइंड केलेली बाडं. एकात इंद्रजाल, दुसऱ्यात अर्धं इंद्रजाल आणि अर्धा चांदोबा. "आमच्या ह्यांची आहेत, लहानपणची. हे म्हणाले येतील तेवढ्याला दे, मला दाखवू पण नको." काम बाकी चोख होतं. पाठीला कापड, पुठ्ठ्यावर अबरी कागद, आणि खळीत मोरचूद घातलेला असणार कारण चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कसर लागली नव्हती. पण बाइंडरनं तिन्ही बाजूंनी कटिंग मारलं होतं. वेताळच्या डोक्याचा शेंडा गेलेला, कव्हरवरची किंमत अर्धी गेलेली, आणि कडेनं आरपार सुतळीची शिलाई, म्हणजे प्रत्येक अंकाला चार भोकं. संग्रहाच्या हिशोबानं संपला विषय. मी सांगितलं, काकू, सुटे आणि न कापलेले असते तर वेगळं होतं, आता दोन्ही बाडांचे मिळून पाचसहाशे, तेही कुणी वाचायला घेणारा भेटला तर.

"एवढंच?" म्हणाल्या. सगळे एवढंच म्हणतात.

मग मी एका बाडाचं शेवटचं पान उलटलं. आतल्या पुठ्ठ्यावर शाईनं रेघा मारून तक्ता काढलेला होता. वर लिहिलेलं, "बाल वाचनालय. एक दिवस ५ पैसे. पान दुमडल्यास दंड २ पैसे. दंड रोख." खाली नावं, तारखा, जमा, बाकी. मे महिन्यातल्या तारखा, म्हणजे सुट्टीत जिन्यात दुकान मांडलं असणार. पप्या, जमा. गोट्या, जमा, दंड २. कुलकर्ण्यांचा मोठा, जमा. आणि एकच नाव अकरा वेळा आलेलं आणि अकराही वेळा पुढं बाकी, बाकी, बाकी.

काकूंनी चष्मा वर केला, नाव वाचलं आणि इतक्या जोरात हसल्या की आतनं माझी बायको बाहेर आली. "हा तर आमचा दीर! पुण्यात दोन फ्लॅट आहेत हो त्याचे."

दोन्ही बाडं त्यांनी माझ्याकडंच ठेवली. तीन आठवड्यांनी इचलकरंजीच्या एका मास्तरांनी सहाशेला घेतली, शाळेतल्या पोरांना वाचायला, आणि मास्तरांना कटिंगशी काही घेणं नव्हतं. बोली लावणारे ते एकटेच होते. मी पैसे काकूंना फोनवर पाठवले, त्याच्याबरोबर त्या तक्त्याचा फोटोही पाठवला कारण जाताना त्यांनी तो मुद्दाम मागितला होता. घरच्या ग्रुपवर टाकणार होत्या.

रात्री उत्तर आलं. "६०० मिळाले. दिराकडनं ५५ पैसे यायचेत, मागितलेत. म्हणतो व्याज लावू नका."