थंडीतलं खुराडं: कोंडू नका, कोरडं ठेवा

निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर आला की लोक खुराडं चारही बाजूंनी प्लास्टिकनं गच्च बांधतात. नेमकं हेच कोंबड्यांना बाधतं. पिसं फुगवून मोठी गावठी कोंबडी एवढी थंडी सहज काढते. तिला मारते ती ओल. रात्रभराचा श्वास आणि विष्ठेची वाफ आत कोंडली की तूस भिजतं, अमोनिया साठतो, डोळे झोंबतात आणि सर्दी-घरघर सुरू होते.

म्हणून वाऱ्याच्या बाजूला खालून दोन-अडीच फूट गोणपाट लावा, पण छपराखालची वीतभर फट उघडीच ठेवा. खाली चार इंच कोरडं भाताचं तूस घाला, दोन दिवसांआड हलवा. मूठभर तूस दाबून गोळा झाला तर ते बदलाच. बसायला दोन इंच रुंद दांडी द्या, म्हणजे पोटाच्या पिसांखाली बोटं झाकली जातात. संध्याकाळी आत घेण्याआधी थोडा मका टाका. रात्री अंगात ऊब राहते.

पिल्लांचं गणित मात्र वेगळं. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. बल्बखाली गर्दी केली तर तो खाली घ्या. लांब पांगून चोच उघडली तर वर.