उकळलेली पेशीभित्तिका पुन्हा लांबली तेव्हा

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रकल्पाचं बोलणं चाललं होतं. मॅडमनी विचारलं, "पेशीभित्तिका एवढी चिवट, मग रोप वाढतं कसं?" मला उत्तर देता आलं नाही. बारावीपासून भित्तिका म्हटलं की सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, पेक्टिन एवढंच मी लिहीत आले होते. तिच्यात प्रथिनंही असतात आणि त्यातली काही तिला सैल करतात, हे त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट वाचलं. १९९२ साली अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात मॅक्वीन-मेसन, ड्युराचको आणि कॉसग्रोव्ह यांनी काकडीच्या रोपांतून अशी दोन प्रथिनं वेगळी केली होती. पुढे त्यांना एक्सपान्सिन हे नाव मिळालं. तोच प्रयोग मला हातांनी करून पाहायचा होता.

काकडीचं बी चार दिवस पूर्ण अंधारात वाढवायचं. आकड्यासारखं वाकलेलं टोक असतं, त्याच्या लगेच खालचा भाग सगळ्यात वेगाने वाढतो. तोच कापून घ्यायचा. पहिली खेप कपाटाचं दार उघडं राहिल्यामुळे हिरवी आणि बुटकी झाली. मग प्रयोगशाळेतल्या मामांनी दाराला काळं कापड शिवून दिलं.

तुकडे गोठवून, वितळवून, दोन काचपट्ट्यांत दाबले की पेशी मरतात, भित्तिका मात्र शाबूत राहते. भित्तिकेची ही चपटी पट्टी दोन चिमट्यांत धरून सुमारे २० ग्रॅमचा ताण द्यायचा, भोवती बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, ठेवायचा आणि लांबी नोंदत राहायचं. लांबी मोजणारा सेन्सर भौतिकशास्त्र विभागाकडून मागून आणला. तटस्थ बफरमध्ये आलेखावरची लांबीची रेघ जवळपास सपाट राहते, पीएच ४.५ वर आणला की चढते. वाढणारी पेशीसुद्धा भित्तिकेत आम्ल सोडूनच तिला ढिली करते.

माझी रेघ चढेना. तीन आठवडे मी बफर पुन्हा पुन्हा बनवला, पीएच मीटर तपासला, ताण बदलला. दोष खोडाच्या सालीत होता. वरचं मेणचट क्युटिकल आम्ल आत जाऊ देत नाही, म्हणून कार्बोरंडमच्या खरखरीत भुकटीने आधी त्यावर ओरखडे काढावे लागतात. कोवळं रोप मोडेल या भीतीने मी फारच हलका हात ठेवत होते. मॅडमनी एक रोप बोटांत धरून स्वतः चोळून दाखवलं. "अगं, नुसतं कुरवाळू नकोस." दुसऱ्या दिवशी रेघ चढली. मी मामांना बोलावून दाखवली.

खरी परीक्षा पुढे होती. तीच पट्टी उकळत्या पाण्यात थोडा वेळ धरली की आम्लातही ती ढिम्म राहते, कारण सैल करणारं प्रथिन उष्णतेने निकामी होतं. आता दुसऱ्या रोपांतून काढलेलं प्रथिन तिला परत द्यायचं. त्यासाठी रोपं थंड खोलीत वाटली आणि भित्तिकेचा चोथा कितीदा तरी धुतला. इथे घाई केली तर पेशीच्या आतली प्रथिनं सोबत येतात आणि आपण नेमकं काय मोजतोय हेच कळत नाही. मग मिठाचं तीव्र (१ मोलर) द्रावण घातलं. विद्युतभारामुळे चिकटलेली प्रथिनं त्यात सुटतात. अमोनियम सल्फेटने त्यांचा साका केला आणि शेवटी क्षार काढून टाकले.

या प्रथिनांचा अर्क घातल्यावर पहिल्याच उकळलेल्या पट्टीची रेघ चढली. घरी फोन करून आईला सांगूनही टाकलं. रात्री आलेख पुन्हा पाहिला, तर अर्क घालायच्या आधीपासूनच रेघ थोडी वर जात होती. पट्टी आतपर्यंत उकळलीच नव्हती. त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी मी बाद केल्या. वाईट वाटलं, पण त्या ठेवल्या असत्या तर पुढच्या एकाही आकड्यावर माझाच विश्वास बसला नसता.

नंतर प्रत्येक पट्टी आधी नुसत्या आम्लात ठेवून अर्धा तास पाहायची, रेघ सपाट असेल तरच अर्क घालायचा, असा नेम केला. मार्चमध्ये ती खऱ्या अर्थाने चढली: अर्धा तास आडवी, आणि अर्क पडल्यावर काही मिनिटांतच वर. हे प्रथिन भित्तिकेतल्या साखळ्या कापत नाही. सेल्युलोजच्या धाग्यांची आपापसातली पकड ढिली करतं आणि ताणाखाली ते सरकू लागतात. एवढ्याशा गोष्टीवर रोपाची उंची अवलंबून आहे, हे त्या कागदावर दिसत होतं.

मॅडम म्हणाल्या, "आता अर्कच उकळून घाल." घातला. रेघ तासभर आडवीच राहिली. दोन्ही आलेख मी वहीत समोरासमोरच्या पानांवर चिकटवले आणि खाली तारीख घातली.