नागपूरहून कॅन्यनकडे: पाण्याच्या हिशेबाने मांडलेला नवा आराखडा

तारखा पक्क्या झाल्या. ८ ऑक्टोबर २०२६ ला अमेरिकेत लास व्हेगासला उतरायचं, भाड्याची गाडी घ्यायची आणि झायन, ब्राइस कॅन्यन, कॅपिटॉल रीफ, मोआब, मॉन्युमेंट व्हॅली, पेज, ग्रँड कॅन्यन असा फेरा मारून दोनेक आठवड्यांनी पुन्हा लास व्हेगास गाठायचं. साधारण १,९०० किलोमीटर, आडवाटा वेगळ्या. गाडीत मी एकटी. मागच्या नोंदीनंतर आराखड्यात बरीच उलथापालथ झालीय, म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहितेय.

मुख्य बदल असा, की माझ्या तक्त्यातला पहिला रकाना आता पाण्याचा आहे. ठिकाण, अंतर, मुक्काम हे सगळं त्यानंतर. हा प्रदेश दिसतो कोरडाठाक, पण तिथली प्रत्येक घळ पाण्याने कोरलेली आहे आणि ते काम अजून चालू आहे. कोणत्या महिन्यात जायचं, कोणत्या घळीत शिरायचं, कोणत्या रस्त्यावर चाक घालायचं आणि डिकीत काय भरायचं, या चारही प्रश्नांची उत्तरं मला पाण्यापाशीच मिळाली.

आधी महिना. मृग लागलाय, आपण नागपूरकर आभाळाकडे बघत बसलोय, आणि नेमका याच सुमारास तिकडेही मान्सून सुरू होतो. ॲरिझोना आणि युटा या राज्यांच्या दक्षिण भागात १५ जून ते ३० सप्टेंबर हा त्याचा हंगाम धरतात. दुपारी ढग जमतात, थोड्याच जागेवर जोराची सर येते आणि उघड्या खडकात पाणी मुरत नाही, ते सगळं घळीत धावतं. बाबांना हे पटेना. "वाळवंटात पूर कुठून येणार गं?" मी त्यांना अँटिलोप कॅन्यनची हकीकत सांगितली. १२ ऑगस्ट १९९७ ला तिथल्या अरुंद घळीत ११ पर्यटक लोंढ्यात वाहून गेले. ते उभे होते तिथे पाऊस जवळजवळ नव्हताच. वादळ काही किलोमीटर वर, पाणलोटात कोसळलं होतं. बाबा नरखेडकडचे. थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे मोवाडसारखं. वरून पाणी आलं." ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीने मोवाड बुडवलं, दोनशेवर माणसं गेली. त्या भागातल्या माणसाला पुराबद्दल आणखी काही समजावावं लागत नाही. उलट त्यांनीच मला सांगितलं की डोक्यावरचं आभाळ पाहू नकोस, वरच्या अंगाचं पाहा. माझ्या तक्त्यात हे वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलंय.

म्हणून ऑक्टोबर. दसरा यंदा २० ऑक्टोबरला आहे, म्हणजे सोनं लुटायला मी घरी नसणार, हे आईला सांगून झालं. त्या बदल्यात आभाळ मिळतंय. १० ऑक्टोबरला सर्वपित्री अमावास्या, आणि त्याच्या पुढच्या तीनचार रात्री माझा मुक्काम ब्राइस आणि कॅपिटॉल रीफला. चंद्राची कोर लवकर मावळेल. हे दोन्ही पार्क रात्रीच्या अंधारासाठी जपलेले आहेत आणि तिथून आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांना दिसतो. कोजागिरीच्या चांदण्यात खडक पाहायचा मोह होताच, पण दोन्ही साधत नव्हतं. मी अमावास्या निवडली आणि त्यात मला काही शंका नाही.

झायनमध्ये नॅरोज ही व्हर्जिन नदीची घळ आहे. तिथे वेगळी पायवाट नसते, पाण्यातूनच चालायचं. नदीचा प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या वर गेला की घळ बंद करतात, पुराचा इशारा असला तरी बंद. हवामान खातं रोज पुराची शक्यता चार पायऱ्यांत जाहीर करतं. माझा नियम एवढाच, की "अपेक्षित नाही" या पहिल्या पायरीवरच पाण्यात पाय घालायचा, तोही खालच्या टप्प्यात, सकाळी, आजूबाजूला चालणारी माणसं असताना. एकटं असताना घोटा मुरगळला तर वर्दळीची वाट आणि निर्जन वाट यांत फार फरक पडतो. एंजल्स लँडिंगच्या साखळ्या धरून चढायच्या वाटेला २०२२ पासून परवाना लागतो, सोडत निघते. शरद ऋतूसाठीचे अर्ज जुलैमध्ये. मी अर्ज करणार नाहीये. त्याऐवजी १९३० साली खुल्या झालेल्या झायन–माउंट कार्मेल बोगद्याच्या पूर्व टोकाला कॅन्यन ओव्हरलुकची छोटी वाट आहे, तिथे निवांत बसायचंय.

ब्राइस हे माझं या सगळ्यात सर्वांत लाडकं प्रकरण. नाव कॅन्यन असलं तरी ती एका नदीने कापलेली दरी नव्हे. पठाराची कड झिजून तयार झालेल्या अर्धगोल खोलगट जागा आहेत आणि त्यांत हजारो सुळके उभे आहेत. इथे कारागीर बर्फ. दिवसा वितळलेलं पाणी भेगेत शिरतं, रात्री गोठून फुगतं, भेग रुंदावते, पुन्हा दिवस उजाडतो. वर्षातल्या कितीतरी रात्री हे चक्र चालतं, कारण कडा २,४०० मीटरच्या वर आहे. ऑक्टोबरात तिथे पहाटे पारा शून्याखाली जाऊ शकतो. वाळवंट म्हणून नुसते सुती कपडे भरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. माझ्या बॅगेत लोकरीची टोपी आणि दुपट्टा दोन्ही आहेत.

आता रस्ते. मॉन्युमेंट व्हॅलीतली २७ किलोमीटरची फेरी कच्च्या रस्त्याची, आणि भाड्याच्या गाडीचा करार नीट वाचलात तर बहुतेक ठिकाणी कच्च्या रस्त्यावर नुकसानभरपाई नाही. ही जागा नवाहो या तिथल्या मूळनिवासी जमातीची, त्यामुळे तिथे स्थानिक नवाहो वाटाड्याच्या जीपमधून जायचं ठरवलं. आतल्या बंद भागांत तसंही वाटाड्याशिवाय सोडत नाहीत. त्याहून महत्त्वाची गोष्ट तिथल्या चिकणमातीची. दक्षिण युटातल्या अनेक कच्च्या वाटा बेंटोनाइट नावाच्या या मातीवरून जातात. कोरड्या असताना छान, आणि एक सर पडली की चारचाकी जोर असलेली गाडीसुद्धा घसरते. आपल्या कपाशीच्या काळ्या मातीत पहिल्या पावसानंतर बैलगाडी कशी रुतते ते ज्याने पाहिलंय त्याला हे लगेच कळेल. दोन्ही मातींत पाणी पिऊन फुगणारी खनिजं एकाच कुळातली. त्यामुळे कॉटनवुड कॅन्यनचा सुंदर कच्चा रस्ता मी फक्त एका अटीवर ठेवलाय: आधीचे काही दिवस कोरडे गेले असतील आणि गाडीचा करार आड येत नसेल तरच. नाहीतर डांबरी युटा १२. तोही काही कमी नाही. ब्राइसपासून कॅपिटॉल रीफजवळच्या टोरी गावापर्यंत जाणारा हा सुमारे २०० किलोमीटरचा रस्ता एस्कलांटे आणि बोल्डर या गावांच्या मधे अरुंद धारेवरून जातो, दोन्ही बाजूंना उतार. त्यासाठी अख्खा दिवस राखून ठेवलाय.

दिवसाची मर्यादा २५० किलोमीटर. झायन–ब्राइस १३५, टोरी–मोआब २४०, मोआब–मॉन्युमेंट व्हॅली २४०, तिथून पेज २००, पेज–ग्रँड कॅन्यन २१५ च्या आसपास. पहिला टप्पा, लास व्हेगास ते झायन, २६० चा, आणि शेवटचा, ग्रँड कॅन्यनहून लास व्हेगास, ४५० च्या जवळ. तो हमरस्त्याचा आहे. अंधार पडायच्या आत मुक्कामी, ही अट पाळणारच, कारण संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात. सरावासाठी समृद्धीवरून मेहकरला उतरून लोणारपर्यंत एकटीने जाऊन येते. सरळ, रिकाम्या रस्त्यावर दुपारी दोननंतर डोळ्यांवर येणारी झापड ओळखायला आपल्याकडे याहून चांगली जागा नाही. उजव्या बाजूने चालवायचा सराव इथे शक्य नाही. म्हणून उतरल्याच्या दिवशी स्टिअरिंगला हात लावायचा नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी शहराबाहेर पडायचं. चारही बाजूंना थांब्याची पाटी असलेला चौक आला की जो आधी पोहोचला तो आधी जातो, हे मात्र घोकून ठेवलंय. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढायचाय. तो वर्षभर चालतो, तेव्हा फार आधी काढायची गरज नाही.

लोणारवरून आठवलं. ॲरिझोनात विन्स्लोजवळ मीटिओर क्रेटर हे उल्कापाताचं विवर आहे, सुमारे १.२ किलोमीटर रुंद, ५०,००० वर्षांपूर्वीचा. आपलं लोणार त्याहून मोठं, १.८ किलोमीटर, आणि बेसॉल्टमध्ये. ग्रँड कॅन्यनहून फ्लॅगस्टाफमार्गे जाता येतं, एक दिवस वाढतो. मी तो वाढवला. लोणारच्या काठावर उभं राहिलेल्या माणसाने दुसरं विवर न पाहता परत यावं हे मला पटत नाही.

दगडांच्या वयाचा खेळ तर मला रात्री जागवतो. ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस या चढत जाणाऱ्या पायऱ्या आहेत. ग्रँड कॅन्यनच्या काठावरचा थर म्हणजे झायनचा पाया, झायनचा वरचा थर म्हणजे ब्राइसचा पाया. ब्राइसनंतर मी नव्या दगडांकडून जुन्यांकडे उतरत शेवटी ग्रँड कॅन्यनच्या तळातल्या १७० कोटी वर्षांहून जुन्या विष्णू शिस्ट या खडकापर्यंत नजर पोहोचवणार. हे नाव खरंच विष्णूवरून आहे. आणि आपल्या गावाशी जुळवून पाहा: सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे ब्राइसच्या गुलाबी सुळक्यांपेक्षा जुना. कामठीचा तो वालुकाश्म, ज्याच्यावरून भूवैज्ञानिकांनी एका अख्ख्या थराला कामठी नाव दिलं, तो त्याहून कितीतरी आधीचा, पर्मियन काळापर्यंत (सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी) मागे जाणारा. ग्रँड कॅन्यनच्या काठावरचा चुनखडकही पर्मियनच. जायच्या आधी सिल्लेवाड्याकडे जाऊन तो कामठीचा दगड पुन्हा हाताळायचाय.

घड्याळाचा गोंधळ आधीच सोडवून ठेवा. ॲरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही, युटा पाळतं, आणि ॲरिझोनातला नवाहो प्रदेशही पाळतो. त्यामुळे ऑक्टोबरात मॉन्युमेंट व्हॅलीहून पेजला येताना घड्याळ एक तास मागे जातं. अँटिलोप कॅन्यनच्या फेऱ्या पेजच्या वेळेने चालतात. मोबाइल तिथे कधी या टॉवरची वेळ दाखवतो, कधी त्या. मनगटावर साधं घड्याळ हवंच. या घळीचे अप्पर आणि लोअर असे दोन भाग आहेत, मी लोअर अँटिलोप घेतलंय. अप्परमधले प्रकाशाचे झोत ऑक्टोबरात जवळजवळ संपलेले असतात, तेव्हा त्यासाठी जादा पैसे का द्यायचे?

राष्ट्रीय उद्यानांच्या पाससाठी नवा हिशेब करावा लागला. १ जानेवारी २०२६ पासून परदेशी पर्यटकांसाठी वार्षिक पास २५० डॉलर झाला, आणि पास नसेल तर ठरावीक ११ पार्कांत नेहमीच्या प्रवेशावर माणशी १०० डॉलर जादा. माझ्या वाटेतले झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन त्या यादीत आहेत. म्हणजे तिथेच ३०० डॉलर जादा, प्रवेश वेगळा. पास घेणं उघड फायद्याचं. मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटिलोप नवाहोंचे, तिथे हा पास चालत नाही. पेजजवळच्या हॉर्सशू बेंड या नदीच्या वळणापाशी पार्किंगलाही वेगळे पैसे.

ग्रँड कॅन्यनची उत्तर कड वगळली. जुलै २०२५ च्या ड्रॅगन ब्राव्हो वणव्यात तिथलं जुनं लॉज जळून गेलं. दक्षिण कड वर्षभर खुली असते, तिथेच दोन रात्री.

डिकीत पाणी: दिवसाला माणशी चार लिटर हा तिथला सरकारी सल्ला, आणि मी गाडीत कायम तीन दिवसांचं ठेवणार. नुसतं पाणी ढोसून भागत नाही, मीठही पोटात गेलं पाहिजे. आपण मे महिन्यात लिंबू-मीठ-साखर घेतो ते तिथेही चालेल, कारण कोरड्या हवेत घाम दिसतच नाही, वाळून जातो. सोबत चिवडा आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या. फोन बराच वेळ मुका राहणार, म्हणून नकाशे उतरवून घेतलेत, कागदी नकाशाही आहे आणि सॅटेलाइट मेसेंजर भाड्याने घेतेय. रोज मुक्कामी पोहोचले की घरी निरोप. ठरलेल्या वेळेनंतर तीन तासांत निरोप आला नाही तर कुणाला फोन करायचा, ती यादी भावाकडे दिलीय. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरायचं, विशेषतः हँक्सव्हिल आणि ग्रीन रिव्हरला.

एकच गाठ सुटलेली नाही. मोआबला चार रात्री आहेत. एक दिवस आर्चेस पार्क, एक दिवस कॅन्यनलँड्स पार्कचं आयलंड इन द स्काय. उरलेल्या दिवसात नीडल्सला जावं का? कॅन्यनलँड्सच्या या दोन भागांना आतून जोडणारा रस्ता नाही, मोआबहून जायला-यायला तीनेक तास जातात. की त्याच दिवशी मोआबजवळ कोलोरॅडो नदीच्या काठाने १२८ नंबरच्या रस्त्यावर रमतगमत फिरावं? ज्यांनी नीडल्स पाहिलंय त्यांनी सांगा, एकट्या माणसाला तिथल्या वाटा कितपत वर्दळीच्या वाटल्या आणि पाण्याची सोय कुठे मिळाली. मोआबच्या खोल्या या महिनाअखेर ठरवायच्या आहेत.